वासंतीबाईंना कळवू नये

वासंती हारुगडे यांना कोणीही वाईट बातमी सांगायची नाही, असा नियम त्यांच्या घरात गेली दोन वर्षं होता. नियम घरच्यांनी केला, पण त्यामागचं डोकं आमच्या यंत्राचं होतं. त्यामुळे त्यांचे यजमान दिगंबरराव माझ्या खोलीत आले, दार लावून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, आमचे सासरे वारले. तिच्याम्होरं बोलू नका," तेव्हा मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

"कधी गेले?"

"झालं की दोन म्हैने."

"दोन महिने! अहो, वडील गेलेत त्यांचे."

"म्हणून तर. तिच्या चुलत्याच्या वक्ताला काय झालं ते तुमी बघितलं न्हाई. तोंडातनं फेस, डोळं पांढरं. ह्यो तर सख्खा बाप. वाचायची न्हाई ती."

सासरे जत तालुक्यात मुलाकडे राहायचे. कानाने ठार बहिरे, त्यामुळे फोनवर कधी आलेच नाहीत. वासंतीबाई फोन करायच्या तो भावाला, तानाजीला. 'आबा झोपलेत', 'आबा जेवले', 'आबा मळ्यात गेलेत' असं तो सांगायचा. आबा गेल्यावरही तो तेच सांगत राहिला. ऑपरेशन झालं की सगळं सांगून टाकायचं, असं घरात ठरलं होतं. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं आणि ते मीच सुचवलं होतं. 'पेशंटला सांगू नका' हे वाक्य मी रोज ऐकते, म्हणून मान हलवली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. फार नाही सांगत.

मेंदूतल्या पेशी विजेच्या बारीक झटक्यांनी एकमेकींशी बोलतात. एरवी हे बोलणं आठवडी बाजारासारखं असतं, जो तो आपलं आपलं बोलतो. अपस्मारात, म्हणजे फिट येण्याच्या आजारात, एका कोपऱ्यातल्या पेशी अचानक एकाच ठेक्यात बोलू लागतात, शेजारच्यांना ओढून घेतात, आणि माणूस कोसळतो. हा ठेका डोक्याला तारा चिकटवून कागदावर उतरवता येतो हे शंभरेक वर्षांपासून माहीत आहे. त्याला ईईजी म्हणतात. पण कवटीच्या बाहेरून कोपरा नेमका कुठला ते कळायचं नाही. उलट एमआरआयच्या चित्रात कोपरे सगळे दिसायचे, पण कोण कधी बोललं ते नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत दोन्ही गोष्टी जुळल्या. चुंबकीय लहरी टिपणारे शेंगदाण्याएवढे संवेदक आले. ते कानटोपीत बसवता येतात, आणि टोपी घालून माणूस घरी जाऊन भाकऱ्या थापू शकतो. शिवाय त्याच्या एमआरआयवरून संगणकात त्याच्या मेंदूची नक्कल उभी करता येते. आम्ही तिला प्रतिमेंदू म्हणतो. प्रतिमेंदूत फिट सुरू करायची, एखादा भाग पुसून बघायचं, थांबली तर खऱ्या मेंदूतही तोच भाग गाठायचा. हल्ली कवटी उघडावी लागत नाही. ध्वनिलहरी बाहेरून एका बिंदूवर एकवटल्या की काम होतं.

मिरजेच्या आमच्या संस्थेत प्रतिमेंदू तयार करण्याचं काम इरफान मुल्ला करतो. त्याला मेंदू आवडतात, माणसांचा मात्र कंटाळा येतो. कोणाची फिट कधी येईल याचा अंदाज बांधायलाही त्यानेच यंत्राला शिकवलं. टोपीतल्या लहरी आणि घरच्यांनी मोबाइलवर नोंदवलेल्या घटना यंत्राकडे जातात, आणि सगळ्या कुटुंबाच्या मोबाइलवर रंग उमटतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, तांबडा झाला की भोंगा.

वासंतीबाईंच्या बाबतीत यंत्राचा निकाल स्वच्छ होता. चुलते गेल्याचा फोन आला, फिट. शेजारची म्हातारी गेली, फिट. नणंदेचे सासरे गेले, फिट. दिवाळीतली एक फिट तेवढी या हिशेबात बसत नव्हती. ती फटाक्यांच्या आवाजाने आली असावी, असं आम्ही धरलं. यंत्राने कारणाच्या रकान्यात 'दुःखद वार्ता' असं लिहिलं आणि घरच्यांनी ते शब्दशः घेतलं.

हारुगड्यांची मणेराजुरीजवळ द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे. आधी शेड वासंतीबाईच चालवायच्या. व्यापारी त्यांना टरकून असत. यंत्राचा निकाल लागल्यापासून सौदे दिगंबररावांकडे गेले. बेदाण्याला दर पडला तरी बायकोला चढाच सांगायचा, असं ठरलं. भावकीचा मोबाइलवरचा ग्रुप त्यांच्या फोनवरून काढून टाकला. शेजारी कोणी गेलं की त्या दिवशी वासंतीबाईंना पाहुण्यांकडे पाठवायचं. धाकटी जाऊ नंदा तर भांडायचीच बंद झाली.

हे शेवटचं मला वासंतीबाईंनीच एका तपासणीला सांगितलं होतं. "आमच्या नंदाचं आणि माझं रोज वाजायचं, मॅडम. आता भाजीत मूठभर मीठ घातलं तरी 'छान झालीय ताई' म्हणती. मी घरातलं माणूस हाय का पावणी हाय?"

मी हसले होते. टोपीचा आलेख त्या दिवशी सुरेख होता, आणि मला तेवढं पुरेसं वाटलं.

ऑपरेशनची परवानगी घ्यायला मी वासंतीबाईंना एकटीला बोलावलं. तसा नियम आहे. रुग्णाने स्वतः समजून घ्यायचं, नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. बाई चाळिशीच्या, उंच, आवाज खणखणीत. डोक्यावर आमची टोपी आणि टोपीवरून पदर. इरफानने पडद्यावर त्यांचा प्रतिमेंदू फिरवून दाखवला आणि उजव्या बाजूला खोलवर बदामाएवढा एक भाग तांबडा केला.

"हा," मी म्हणाले. "भीती, दुःख, धक्का यांची पहिली नोंद इथे होते. तुमच्या मेंदूत फिट इथूनच सुरू होते असा आमचा अंदाज आहे. हा आम्ही निकामी करणार."

"अंदाज?"

"खात्रीच म्हणा. आठवडाभर इथे ठेवून तुम्हाला रडके पिक्चर दाखवले होते ना, तेव्हा हाच भाग पेटत होता."

"आणि फिट?"

"नाही आली. पण पेटला."

त्यांनी पडद्याकडे निरखून बघितलं. "ह्यो भाग गेला की मग?"

"मग कोणी कितीही वाईट बातमी सांगितली तरी भीती नाही. कळेल तुम्हाला, पण आतून हलायला होतं ते होणार नाही. निदान पूर्वीसारखं नाही."

"म्हंजे रडू येनार न्हाई?"

"कमी येईल. कदाचित अगदीच कमी."

वासंतीबाईंनी सहीसाठी घेतलेलं पेन खाली ठेवलं. मग अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "मग मला आदी रडून घिऊ द्या. आबांचं रडायचं ऱ्हायलंय माझं."

इरफानने माझ्याकडे बघितलं. मी कसंबसं विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन सांगतंय! तानाजी आलता भेटायला, दीड म्हैना झाला. डोक्याला टोपी घातलीती, ते चाललं असतं. पर मिशी? माझ्या भावानं जन्मात मिशी उतरली न्हाई, मॅडम. लग्नात उतरली न्हाई, मिलिटरीच्या भरतीत उतरली न्हाई. आई आमची लहानपणीच गेली. आता मिशी उतरायला लावील असं आबांबिगर कोन ऱ्हायलंवतं? मला म्हनतो, न्हाव्याचा हात चुकला. मी म्हनलं, बरी दिसती."

सगळ्या कुटुंबाने मिळून फोन सांभाळले, ग्रुप सांभाळले, शेजारपाजार सांभाळला, आणि बापाच्या दिवसांत उतरलेली मिशी कोणाच्या ध्यानातच आली नाही. एरवी मी यावर मोठ्याने हसले असते.

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलू? समदी येवढी जपत्यात मला. कळलं म्हनले असते तर ह्यांच्या जिवाचं पानी झालं असतं. आणि मला बी भ्या वाटलं, आता फिट येतीया का काय. शेडात गेले, तोंडात पदर कोंबला आणि रडले. भोंगा वाजल्यावर नंदा पळत आली, तिला सांगितलं बेदाण्याला देतो ती गंधकाची धुरी डोळ्यांत गेली. ऑपरेशन झालं की ही माणसं आपनहून सांगतील, मग रडीन पोटभर, म्हनून तर हो म्हनले मी. आणि तुमी आता म्हनताय की मग रडूच यायचं न्हाई."

मी संमतीचा कागद बाजूला सारला. इरफानला काहीतरी सुचलं होतं. तो टोपीची त्या दिवसाची नोंद शोधत होता.

"तांबडा झाला होता," तो म्हणाला. "भोंगा वाजला. फिट आली नाही. यंत्राने 'चुकीचा इशारा' म्हणून नोंद बाजूला टाकली."

"म्हणजे सख्ख्या वडिलांची बातमी कळली आणि फिट आलीच नाही?"

"बातमी आहे, बाई त्याच आहेत, बदामही चांगला पेटलाय. फिट नाही." मग मान वर न करता म्हणाला, "रडक्या पिक्चरला तो भाग माझाही पेटतो, मॅडम. कोणाचाही पेटतो."

हे त्याने आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण आधी मीही विचारलं नव्हतं. प्रत्यक्ष फिट सुरू होतानाची नोंद आमच्याकडे एकही नव्हती. दर वेळी नेमकी तेव्हा टोपी डोक्यावर नसायची. गडबडीत काढली जात असेल, असं आम्ही समजत होतो.

मी खुर्ची पुढे ओढली. "वासंतीबाई, चुलत्यांची बातमी आली त्या दिवशीचं पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

"काय सांगायचं? फोन आला. मी रडले. मग करायचं ते केलं."

"करायचं ते म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी परदेशातून आले आहे. "सुतकाचं. डोक्यावरनं अंघोळ. भाईर दगडावर बसले, नंदानं पानी घातलं. आपुन तांब्याला शिवायचं न्हाई ना. तितंच पडले."

"शेजारची म्हातारी गेली तेव्हा?"

"मातीला जाऊन आले. आल्यावर अंघोळच की."

"आणि आबांच्या वेळी?"

"आबांची कुटली अंघोळ? मला म्हाईतच न्हाई ना! न्हाले असते तर समद्यांस्नी कळलं नसतं का?"

"दिवाळीत फिट आली ती कोणत्या दिवशी?"

"पैल्या अंघोळीला. नंदानं तेल लावलं, उटनं लावलं..." आणि त्या बोलता बोलता थांबल्या.

डोक्यावर भराभर ओतलेल्या कढत पाण्याने फिट येण्याचा एक प्रकार आहे. दक्षिणेकडे जास्त आढळतो. परीक्षेपुरता मी तो वाचला होता आणि परीक्षेनंतर विसरले होते. एरवी वासंतीबाई केस धुवायच्या त्या शॉवरखाली, कोमट पाण्याने, केस गळतात म्हणून. टाळूवर तांब्याने बदाबदा गरम पाणी पडायचं ते फक्त कोणी गेल्यावर आणि दिवाळीला. बातमी नोंदवली जायची. अंघोळ कोणी नोंदवली नाही, कारण अंघोळ ही नोंदवण्यासारखी गोष्ट आहे असं कोणालाच वाटलं नाही. यंत्राला जे सांगत नाही ते त्याच्या लेखी घडतच नाही. आणि टोपी? अंघोळीआधी टोपी काढून ठेवावी, ही सूचना आम्हीच खोक्यावर छापली होती. आमचं एवढं हुशार टोपडं नेमक्या वेळी खुंटीला लटकत असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वॉर्डच्या न्हाणीघरात प्रयोग केला. वासंतीबाईंनी स्वतः संमती दिली. टोपीवर रबरी आवरण चढवलं, प्लास्टिकचा स्टूल ठेवला, बादली, तांब्या, तापमापक. झटका थांबवणारं इंजेक्शन भरून तयार ठेवलं. पाणी घालायला मी नंदाला बोलावलं, कारण घरी घालते तसंच हवं होतं. कशासाठी ते तिला सांगितलं नव्हतं.

तिने बादलीत हात घालून बघितला आणि तोंड वाकडं केलं. "हे कसलं पानी? गार हाय. ताईला सर्दी हुती."

"घरी घेता तेवढं गरम करा."

तिने केलं. तापमापकावर आकडा बराच वर गेला. तिने मायेने, हात न थांबवता, एकामागून एक तांबे ओतले. इरफान बाहेर पडद्यासमोर होता. पाचसहा तांबे झाले असतील, तेवढ्यात तो ओरडला, "सुरू झालं! बदाम नाही मॅडम, वर, कानाच्या वरच्या बाजूला!" वासंतीबाईंची नजर स्थिर झाली, ओठ काहीतरी पुटपुटल्यासारखे हलायला लागले, उजवा हात मांडीवर काहीतरी चाचपू लागला. मी पाणी थांबवलं, इंजेक्शन दिलं. झटका पसरायच्या आत ओसरला.

नंदा तांब्या धरून तशीच उभी होती.

"पान्यानं?" ती म्हणाली.

"हो. गरम पाण्याने."

"दर वक्ताला मीच घालत हुते, मॅडम. मीच. आणि पडल्यावर शुद्धीवर यावी म्हनून आनिक एक तांब्या घालत हुते."

"तुम्हाला माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं." तिचं समाधान झालं नाही. ती भिंतीला टेकून रडायला लागली आणि वासंतीबाई अर्धवट ग्लानीत, ओल्या केसांनी, "नंदे, काय झालं गं?" असं विचारत राहिल्या.

ऑपरेशन मी त्याच दिवशी रद्द केलं. उपचार सांगायला लाज वाटावी इतका सोपा होता. डोक्यावरून कोमट पाणी, तेही हळू, आणि न्हाण्याच्या आधी एक गोळी. इरफानने प्रतिमेंदूतला तांबडा बदाम पुन्हा करडा केला आणि त्या दिवशी कोणाशी बोलला नाही.

दुपारी केस वाळल्यावर मी सगळ्यांना एकत्र बसवलं. वासंतीबाई पलंगावर, टोपी पुन्हा डोक्यावर. मला त्यांनी आधीच बजावलं होतं, "मला ठावं हाय ते सांगू नका. ह्यांच्या तोंडून ऐकायचंय."

"वाईट बातमीचा आणि फिटचा काही संबंध नाही," मी म्हणाले. "यांना तुम्ही काहीही सांगू शकता. आजपासून."

दिगंबररावांनी माझ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. माणूस तालुक्यात भाषणं ठोकणारा, पण आता शर्टाचं बटण चाचपत राहिला. शेवटी फरशीकडे बघत म्हणाले, "वासंती, आबा गेले."

"कवा?"

"दोन म्हैने झालं."

"कसे?"

"झोपेत. सकाळी तानाजी च्या घिऊन गेला तर..."

वासंतीबाईंना हे ठाऊक होतं. तरी ते ऐकल्यावर त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही. त्याच क्षणी खोलीतल्या सगळ्यांच्या खिशात भोंगे वाजले. इरफानने यंत्राची जुनी शिकवण अजून पुसली नव्हती. मोबाइल तांबडे झाले आणि दोन वर्षांच्या सवयीने घर धावलं. नंदाने खांदे धरले, दिगंबररावांनी डोक्याखाली हात घातला, कोणीतरी दातांत घालायला चमचा शोधायला लागलं.

"सोडा मला!" वासंतीबाई हुंदक्यांतून ओरडल्या. "काय हुईत न्हाई मला! रडू द्या!"

हात मागे आले. मी एकेक मोबाइल घेऊन बंद केला. त्या रडल्या. आबांनी मळ्यात बांधलेला पाळणा आठवून रडल्या, शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही म्हणून रडल्या, तानाजीच्या मिशीचं नाव काढून रडल्या, तेव्हा दिगंबररावांना एकदम उलगडा झाला आणि तेही बायकोशेजारी बसून रडायला लागले. इरफान पडद्याकडे बघत होता. बदाम पेटलेला होता, फिट नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

बऱ्याच वेळाने बाईंनी पदराने तोंड पुसलं, नाक शिंकरलं, आणि नवऱ्याकडे बघितलं. आवाज पुन्हा व्यापाऱ्यांना टरकवणारा झाला होता.

"आणिक?"

"आणिक काय?"

"आणिक कोन कोन गेलं? दोन वर्सं झाली की. येवढ्या मोठ्या भावकीत, सोयऱ्याधायऱ्यांत, दोन वर्सांत निसतं आबाच गेले व्हय?"

दिगंबररावांनी नंदाकडे बघितलं. नंदाने खिडकीकडे.

"सुमनमावशी," ते शेवटी म्हणाले.

"मावशी? अवो, संक्रांतीला तिळगूळ पाठवला की मी तिला! तुमीच घिऊन गेलता."

"गेलतो."

"मग?"

"वाटंला गाडी थांबवली आणि समदा मीच खाल्ला. घरी माघारी आनता येईना."

 वासंतीबाईंनी पलंगावर थोडं सरकून मांडी घातली.

"बरं," त्या म्हणाल्या. "म्होरं सांगा."

दिगंबररावांनी खुर्ची ओढली, बायकोसमोर बसले आणि बोटांवर मोजत एकेक नाव सांगायला लागले.